लाल दोरीचा गिलास

प्राध्यापक देवानंद तेलगोटे यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत प्राचीन चीनवरच्या प्रकरणाचा अर्धा भाग दरवर्षी न चुकता ऑप्शनला टाकला. हे त्यांच्याबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण बाकी माणूस चोख. वर्गावर वेळेत जाणारा, पोरांना नावानिशी ओळखणारा, पेपर स्वतः तपासणारा.

त्या प्रकरणाचा पहिला भाग त्यांचा फार लाडका होता. तो निसर्गाच्या कलानं जगणाऱ्या जुन्या चिनी विचारवंतांचा. माणसानं वस्तू वापराव्यात, वस्तूंनी माणसाला राबवू नये, हा त्याचा गाभा. सर खडू वर धरून विचारायचे, "हा खडू माझा, की मी खडूचा?" पोरं हसायची, सर खूश व्हायचे. दुसरा भाग रीतिरिवाजांचा. कुठल्या विधीला कुठलं भांडं, बापाच्या मागे मुलानं किती दिवस कसले कपडे घालावेत, पाहुण्याच्या हाती पेला कसा द्यावा. नुसत्या याद्या. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा नाही, आलाच तर 'किंवा' घालून यायचा. "हा भाग घरी वाचा," असं सर म्हणायचे आणि स्वतः मात्र घरी वाचायचे नाहीत.

निवृत्तीला सहा-सात वर्षं झाल्यावर, यंदाच्या जानेवारीत, अकोल्याच्या एका वाचनालयानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय त्यांनीच सुचवला: माणूस आणि वस्तू, प्राचीन चिनी विचारात. आता समोर वर्गातली पोरं नसून जाणती माणसं बसणार, कोणी आडवा प्रश्न विचारला तर फजिती नको, म्हणून सरांनी तो दुसरा भाग जन्मात पहिल्यांदा उघडला. आणि एका पानावर अडकले.

त्या पानावर एवढंच होतं, की आई गेल्यावर तिच्या पेल्यातून मुलाला पाणी पिववत नाही, कारण तिच्या ओठांची ओल त्या पेल्याला अजून असते. तो पेला तो टाकतही नाही. ठेवून देतो. बस. पुढं लगेच घोडागाड्यांचे नियम सुरू.

सरांनी पुस्तक मिटलं, उठून स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, बंद केला, परत उघडला.

"काय शोधून राहिले?" साधनाबाईंनी विचारलं. साधना ही त्यांची बायको. सरांच्या तत्त्वज्ञानाला घरात टिकून राहिलेली एकटी विद्यार्थिनी, आणि तीही मागच्या बाकावरची.

"काही नाही," सर म्हणाले. मग तिथंच उभ्या उभ्या त्यांनी तिला ते पान सांगितलं.

साधनाबाईंनी हातातली मेथी खाली ठेवली. "आठ वर्सांआधी मी हेच म्हणत होती," त्या म्हणाल्या. "फक्त चिनी भाषेत म्हटलं नाही."

आठ वर्षांपूर्वी सरांची आई, माणिकबाई, याच घरात वारली. नवरा लवकर गेलेला, पदरात शालू आणि देवानंद ही दोन लेकरं. माणिकबाई अकोल्यात एका कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. तिथं पिण्याच्या पाण्याचा माठ होता, माठावर एक गिलास होता, आणि तो गिलास माणिकबाईसारख्यांच्या ओठांसाठी नव्हता. त्यांना पाणी वरून ओतलं जायचं. ओंजळीत घ्या, नाहीतर आपलं भांडं आणा. माणिकबाईनं आपलं भांडं आणलं. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, मोठा गिलास. काठाजवळ खिळ्यानं भोक पाडून तिनं त्यात लाल दोरी ओवली होती, म्हणजे कमरेला लटकवता यावा आणि हात मोकळे राहावेत. पुढं काम सुटलं, मुलगा प्राध्यापक झाला, घरात स्टीलची, काचेची भांडी आली, तरी म्हातारी पाणी प्यायची ती त्याच गिलासातून. दोरी विटली की नवी घालायची, पण लालच.

सरांना तो गिलास डोळ्यांसमोर नको व्हायचा. कॉलेजातलं कोणी घरी आलं आणि आई तो घेऊन बाहेरच्या खोलीत बसलेली असली, की सर कासावीस व्हायचे. एकदा ते म्हणाले, "आई, आपल्यावर झालेल्या अन्यायाची खूण कशाला जवळ बाळगतेस?"

"अन्याय त्याइचा होता बापा," माणिकबाई म्हणाली. "गिलास माहा हाय."

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी दारावर भंगारवाल्याची गाडी आली. सरांनी तिची मोडकी खाट, पत्र्याची पेटी आणि तो गिलास गाडीवर घातला. साधनाबाई गिलासासाठी आडव्या आल्या. तेव्हा सर म्हणाले, "साधना, वस्तू ही वस्तू असते." म्हणायला वाक्य सोपं होतं. सरांची सगळीच वाक्यं म्हणायला सोपी असत.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अकोल्याहून शालूताई आली. सरांहून तीन वर्षांनी मोठी. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग ती भावाजवळ येऊन हळूच म्हणाली, "देवा, मायचा गिलास मले दे. मायनं मले देतो म्हटलं होतं."

आता इथं 'ताई, चूक झाली' एवढं म्हणायला काय लागत होतं? अर्धा मिनिट. पण मांडवात पन्नास माणसं होती, त्यात कॉलेजातली आठ-दहा, आणि सरांची जीभ सवयीनं चालू लागली. त्यांनी बहिणीला चीनमधले विचारवंत सांगितले. आसक्ती सांगितली. माणूस वस्तूत नसतो, आईला गिलासात शोधू नकोस, असं सांगितलं. लोक माना डोलवत होते. शालूताईनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. सर बोलायचे थांबल्यावर तिनं पिशवी उचलली आणि ती बसस्टँडवर गेली. त्यानंतर आठ वर्षांत तिनं अमरावतीच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. बडनेऱ्याला एका लग्नात दोघं समोरासमोर आले तेव्हा ती "बरा हायस?" म्हणाली आणि उत्तराआधीच पुढं गेली.

जगात सरांना 'देवा' म्हणणारं आता ते एकच माणूस उरलं होतं. ते परत आपल्या घरी यावं, साधनाच्या हातचं जेवावं, एक रात्र राहावं, एवढी एकच गोष्ट सरांना हवी होती, आणि ती कशी मागावी हे काही केल्या कळत नव्हतं.

"अकोल्याले जाऊनच राहिले तं आधी तिच्या घरी जा," साधनाबाई म्हणाल्या. "व्याख्यान मंग द्या. आणि हात जोडून सांगा. समजावू नका."

बस मूर्तिजापूरला पोचेपर्यंत सरांनी माफीचे तीन मुद्दे तयार केले होते. बोरगाव मंजूला आल्यावर त्यांना वाटलं, सुरुवात दुसऱ्या मुद्द्यानं करावी. खोड अशी सहजासहजी जात नसते. अकोल्याला उतरून त्यांनी ऑटो केला, मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरात आले आणि गल्लीच्या तोंडाशी ऑटो सोडून दिला. दुपारचे चार वाजून गेले होते. व्याख्यान साडेपाचला.

शालूताई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. ती मुलाजवळ, प्रीतमजवळ राहायची. प्रीतम आणि सून दोघंही शाळेत शिकवायला गेलेले. भावाला पाहून ती उठली नाही, पण तिनं चेहराही फिरवला नाही.

"ये," ती म्हणाली. "पत्रिकेत नाव पाह्यलं तुहं. प्रीतमनं दाखवलं."

सर बाजेच्या कडेला टेकले. शालूताईनं मूठभर शेंगा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या. सर सोलायला लागले. बरं वाटलं. हाताला काम असलं की माणसाला तोंड उघडायची घाई होत नाही.

"ताई, मला तुझ्याशी थोडं बोलायचं आहे."

"बोल ना. मी का कानात बोळे घालून बसली?"

तीन मुद्दे जे कुठं गेले ते गेले. सरांनी तिला फक्त ते पान सांगितलं. आईचा पेला, ओठांची ओल, न पिववणारं पाणी. शालूताई ऐकत होती. बोटं शेंगांवर चालूच.

"चीनमंदी बी असंच असते?"

"असायचं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी."

"मंग तुले इतके दिस काहून लागले?"

"मी तो भाग वाचलाच नव्हता, ताई."

ती हसली. अगदी थोडंसं, पण हसली. आणि त्या हसण्यानं सरांची आठ वर्षांची गाठ अशी सुटली, की आपण काय सांगायचं ठरवलं होतं आणि काय सांगायचं नाही, याचं भानच राहिलं नाही. भाषाही बदलली, आणि तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"खरं सांगू, ताई? चीनचं नाव उगीच घेतलं मी. मले त्या गिलासाची लाज वाटे. आणि त्याचं कारण मी आजवर कोणाले सांगतलं नाही. साधनाले बी नाही."

"सांग."

"नववीत होतो मी. दिवाळीच्या सुट्ट्या लागाच्या आदल्या दिवशी शाळेत बक्षिसं वाटले. मी पहिला आलो होतो. चार-पाच पोट्टे संगं होते, चांगल्या घरचे, माह्याशी पहिल्यांदाच मोकळं बोलून राहिले होते. बोलता बोलता आमी जिनच्या रस्त्यानं आलो. जेवणाची सुट्टी संपत आली होती. बाया फाटकाजवळ बसल्या होत्या. माय उठून उभी राह्यली. कमरेले गिलास, लाल दोरी. तिनं हात वर केला, मले आवाज देल्ला. तं एक पोट्टा म्हणे, कोण रे ती? मी म्हटलं, माहीत नाही." सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माहीत नाही म्हटलं, आणि रस्त्याच्या त्या बाजूनं निघून गेलो."

शालूताईनं सोललेले दाणे एका बाजूला सारले.

"घरी आल्यावर माय काहीच म्हणाली नाही. कधीच म्हणाली नाही. पण तो गिलास दिसला का मले वाटे, आता म्हणन, आता म्हणन. चाळीस-पंचेचाळीस वर्सं असंच वाटे. म्हणून ती गेल्यावर पहिला तो गिलास काढला घरातून. मायची माफी मांगाची राहून गेली, ताई. आता कोणाले मांगू?"

शालूताईनं मांडीवरच्या शेंगा परातीत झटकल्या. पदरानं हात पुसले. तिला घाई नव्हती.

"तुह्या हातात कागदात गुंडाळलेलं काही होतं," ती म्हणाली.

"बक्षिसाचं पुस्तक. तुले कोणं सांगतलं?"

"माय त्या दिवशी तू शाळेत गेल्यावर तापानं पडली, देवा. तुले वाटलं असन, कामावरून येऊन निजली. आठ दिस पडून होती. खाडा झाला असता तं काम गेलं असतं. तिच्या जागी मी होती."

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते उगाच काहीतरी बोलले. "पण तोंड... तोंड बांधलेलं होतं."

"रुई नाकातोंडात जाते. सगळ्याच बांधत. मायचं लुगडं होतं अंगावर, मायचा गिलास होता." ती भावाकडे सरळ बघत होती, आणि नजरेत राग नव्हता. "मी 'देवा' म्हणून आवाज देल्ला. तू पाह्यलं माह्याकडे. गिलास ओळखला तू. मले नाही ओळखलं."

अंगणात तुरीच्या टरफलांचा ढीग होता आणि सर त्याच्याकडे बघत राहिले. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी एका पापाचा हिशेब चुकीच्या नावावर ठेवला होता. ते आईला भीत राहिले, आईला चुकवत राहिले, आईची वस्तू घराबाहेर घालून मोकळे झाले. आणि ज्या मुलीला त्यांनी भर रस्त्यात नाकारलं, ती त्या संध्याकाळी त्याच घरात त्यांना भाकर वाढत होती. तिला त्यांनी तेव्हा पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही, आता खरं बोलायचं तर, फारसं कधी पाहिलं नव्हतं. सरांना रडू यायला हवं होतं. आलं नाही. फक्त लाज वाटली, आणि ही लाज पहिल्या लाजेहून कितीतरी मोठी होती.

"तू मायजवळ काही म्हटलं नाही?"

"काय म्हणू? तू त्या दिवशी लय खुशीत होता. मायच्या उशाशी बसून पुस्तक दाखवत होता. माय तापात बी हासून राहिली होती." शालूताईनं परात बाजूला केली. "मी बी पाह्यलं ते पुस्तक. तू निजल्यावर."

सर काहीतरी विचारणार होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वाचनालयाचा कार्यवाह कुलदीप बोलत होता. सर कुठं आहेत, गाडी पाठवू का, लोक यायला लागले. सरांनी पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. काय विचारायचं होतं ते राहून गेलं.

"जाय," शालूताई म्हणाली. "लोकाइले ताटकळत ठेवू नये."

"ताई, अमरावतीले येशील का?"

"येईन ना. मले गिलासाचा राग नव्हताच. पन्नास लोकाइत उभी करून मले शिकवलं, त्याचा होता." तिनं सोललेले तुरीचे दाणे पिशवीत भरले. "साधनाले दे. म्हणावं, सोल्याची भाजी करून ठेव, पुढच्या इतवारी येतो. आज बोलाले आला तू. मले बरं वाटलं."

म्हणजे सर जे मागायला आले होते ते मिळालं. हात जोडावे लागले नाहीत, पाया पडावं लागलं नाही. तिनं नाही म्हटलं असतं तर काय करायचं याची त्यांनी बसमध्ये पूर्ण तयारी केली होती. हो म्हणाल्यावर काय करायचं, हे काही ठरवलं नव्हतं. पिशवी घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा गाडी उभीच होती.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, आणि कुलदीप परिचय वाचायला उभा राहिला. परिचय सरांनीच मागच्या आठवड्यात लिहून पाठवला होता. जन्म, शिक्षण, ग्रंथ, पुरस्कार. शेवटी एक वाक्य होतं, जे सर दरवेळी घालत आणि ज्यावर दरवेळी टाळ्या पडत: आईनं जिनमध्ये मजुरी करून एकटीच्या हिमतीवर त्यांना शिकवलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले.

सर माइकजवळ गेले. समोर कागद होते, पण त्यांनी ते उघडले नाहीत.

"परिचयात एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "मजकूर माझाच आहे, त्यामुळे चूकही माझीच. आई एकटी नव्हती. माझी थोरली बहीण शालू त्याच जिनमध्ये कामाला उभी राहिली होती. मी शाळेत असताना."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. कुलदीप तत्पर माणूस. त्यानं लगेच खिशातून पेन काढलं आणि बसल्या जागेवरून विचारलं, "स्मरणिकेत दुरुस्त करून घेतो, सर. ताईंनी किती वर्षं काम केलं?"

सरांनी तोंड उघडलं. चीनमधल्या राजघराण्यांचे शतकवार काळ त्यांना पाठ होते. बहीण आठ दिवस जिनमध्ये गेली की आठ वर्षं, ते माहीत नव्हतं. तिची शाळा कितवीत सुटली, आणि कुणासाठी सुटली, तेही नाही. ते सगळे दिवस दोघांनी एका खोलीच्या घरात, एकाच चुलीवरचं जेवून काढले होते.

"मला माहीत नाही," सर माइकमध्ये म्हणाले. "ती इथून दहा मिनिटांवर राहते. मी आत्ता तिच्याकडूनच आलो. मी तिला विचारलं नाही."

कुलदीपनं पेन तसंच धरून ठेवलं. लोक सर पुढं काही बोलतील म्हणून वाट बघत होते.